तवंग बघणारी मुलगी

रात्री जेवणं आटोपली की मोरीत भांड्यांचा ढीग पडतो. भाजीच्या कढईत पाणी ओतून ठेवलं की वर तेलाचा तवंग येतो, गोल गोल टिकल्यांसारखा. त्यात साबणाचा एक थेंब पडला की त्या टिकल्या झटकन कडेला पळतात. हे आपण रोज बघतो. म्हणजे खरं तर बघत नाहीच. ते आपल्या डोळ्यांपुढे असतं इतकंच, मनात उद्याच्या डब्याची भाजी असते. मीही लग्न झाल्यापासून वीस वर्षं त्या कढईपाशी उभी आहे आणि कधी क्षणभरही त्यात डोकावून पाहिलेलं नाही. पण जर्मनीतल्या एका मुलीने पाहिलं. तिची ओळख मला झाली ती आमच्या सासूबाईंच्या पायामुळे!

मागच्या वर्षी त्यांना नवी चप्पल चावली. मधुमेह जुना, त्यामुळे साधा फोड म्हणता म्हणता जखम झाली. महिनाभर गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, जखम काही भरेना. शेवटी डॉक्टरांनी जखमेतला पू तपासायला पाठवला. चार दिवसांनी रिपोर्ट हातात आला. त्यावर औषधांची पंधरा-सोळा नावं आणि प्रत्येक नावापुढे एक अक्षर, एस किंवा आर. एस म्हणजे या औषधाने जंतू मरतो, आर म्हणजे तो या औषधाला दाद देत नाही. आमच्या कागदावर आर, आर, आर अशी उभी रांगच लागली होती. जेमतेम दोन नावांपुढे एस होतं आणि ती दोन्ही औषधं शिरेतून द्यायची, महागडी. डॉक्टरांनी हेही सांगितलं, की ही दोन चालली नाहीत तर पुढे त्यांच्या हातात फारसं काही नाही. त्या रात्री मला झोप आली नाही.

माझी भाची पुण्याला रसायनशास्त्रात संशोधन करते. आजीला भेटायला म्हणून ती आली आणि तो कागद बराच वेळ वाचत बसली. मग हळूच म्हणाली, मावशी, आम्ही प्रयोगशाळेत याच्यावरच काम करतो. पाण्यात टाकल्यावर आपले आपण एकमेकांना धरून लांब धागे बनवणारे रेणू तयार करायचे आणि त्या धाग्यांनी जंतू मारायचे. मला ओ की ठो कळलं नाही. मी कला शाखेची, विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेला संपला तो संपलाच. तेव्हा तिने मला सोपं करून सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता म्हणाली, की या विद्येची पणजी म्हणावी अशी एक बाई होऊन गेली, ती आयुष्यभर घरच सांभाळत होती. तिचं नाव आग्नेस पॉकेल्स. रसायनशास्त्र शिकणाऱ्यांना हे नाव चांगलं ठाऊक असतं म्हणे. आपल्यासारख्यांपर्यंत मात्र ते पोचलेलं नाही.

आग्नेसचा जन्म 14 फेब्रुवारी 1862 चा, इटलीतल्या व्हेनिस शहरातला. त्या वेळी व्हेनिसवर ऑस्ट्रियाचं राज्य होतं आणि तिचे वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी होते. तिथल्या दलदलीच्या मुलखात हिवतापाने त्यांना गाठलं. तब्येत पार ढासळली आणि 1871 साली त्यांना लवकरच निवृत्ती घ्यावी लागली. मग सगळं कुटुंब जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग या गावी येऊन राहिलं. आग्नेस तेव्हा नऊ वर्षांची, तिचा भाऊ फ्रिडरिश तिच्याहून तीन वर्षांनी लहान.

गावात मुलींची शाळा होती, आग्नेस तिथे शिकली. तिला विज्ञानाची, त्यातही पदार्थविज्ञानाची भारी ओढ. पण शाळा संपली आणि तिथेच सगळं संपलं. कारण त्या काळात जर्मनीतल्या विद्यापीठांची दारं मुलींना बंद होती. ती उघडायला 1900 साल उजाडलं, प्रशियासारख्या मोठ्या राज्यात तर 1908. मधल्या काळात थोडीफार सवलत मिळू लागली तेव्हा आईवडिलांनीच तिला सांगितलं, की तू जाऊ नकोस. दोघंही आजारी असायचे. घरात कोणीतरी हवं होतं आणि ते कोणीतरी म्हणजे अर्थातच मुलगी! फ्रिडरिश मात्र गॉटिंगेनच्या विद्यापीठात गेला, पदार्थविज्ञान शिकला, पुढे प्राध्यापक झाला. पॉकेल्स हे त्याचंही नाव विज्ञानात अजून घेतलं जातं, लेझरच्या यंत्रांत त्याच्या शोधाचा उपयोग होतो.

इथे मला त्या भावाबद्दल एक चांगली गोष्ट सांगितलीच पाहिजे. तो आपली पुस्तकं बहिणीला पाठवायचा, नवीन काय चाललंय ते कळवायचा. तो जे वर्गात शिकला ते ती घरात बसून शिकली.

आणि प्रयोगशाळा? ती तर घरातच होती. अठरा वर्षांची असताना, म्हणजे 1880 च्या सुमारास, भांडी धुताना तिच्या लक्षात आलं की स्वच्छ पाणी आणि तेलकट पाणी यांचा वरचा पृष्ठभाग सारखा वागत नाही. पाण्याच्या वरच्या थराला एक ताण असतो, जणू पातळ साय धरावी तसा. त्याला पृष्ठताण म्हणतात. म्हणून तर लहान किडे पाण्यावरून चालत जातात, बुडत नाहीत. तेल, साबण, हाताचा नुसता मळ लागला तरी हा ताण कमी होतो. पण किती कमी होतो? आणि कधी? तिला ते मोजायचं होतं.

त्यासाठी तिने काय केलं बघा. पत्र्याची एक लांबट पन्हळ घेतली. 70 सेंटीमीटर लांब, 5 सेंटीमीटर रुंद आणि जेमतेम 2 सेंटीमीटर खोल. ती काठोकाठ पाण्याने भरली. वर पत्र्याचीच एक दीड सेंटीमीटर रुंदीची पट्टी आडवी ठेवली, तिची खालची बाजू पाण्याला टेकेल अशी. झाले पाण्याच्या पृष्ठभागाचे दोन भाग! आता पट्टी इकडे-तिकडे सरकवली की एका बाजूची जागा वाढते, दुसऱ्या बाजूची आकसते. किती सरकवली ते बाजूच्या मोजपट्टीवर कळतं. ताण मोजायला तिने छोट्या तराजूला 6 मिलिमीटरची, शर्टाच्या बटणाएवढी चकती लावली. ती पाण्याला टेकवायची आणि पाण्यापासून सुटायला किती वजन लागतं ते पाहायचं. बस्स. यात दुकानातून आणलेलं, महाग असं काहीही नाही. हे साधन तिने तयार केलं तेव्हा ती वीस वर्षांची होती.

आता त्या पन्हळीत तिला दिसलं काय? ते समजायला मला हळदीकुंकवाचा हॉल आठवावा लागला. सतरंजी मोठी आणि बायका दहाच असल्या की त्या विखरून बसतात, कोणाला कोणाचा धक्का लागत नाही. मधला सरकता दरवाजा हळूहळू ओढून जागा कमी करत गेलं तरी बराच वेळ काही फरक पडत नाही. मग एक वेळ अशी येते की गुडघ्याला गुडघा लागतो. त्यानंतर दरवाजा जरासा जरी पुढे आला तरी सगळ्यांना कळतं. पाण्यावरच्या तेलाचंही तसंच. पट्टी सरकवत गेलं तरी ताण काही बदलत नाही, आणि एका ठरावीक जागेपासून पुढे मात्र तो एकदम उतरायला लागतो. ती ठरावीक जागा आग्नेसने शोधून काढली. आज तिला तिच्याच नावाने ओळखतात. त्या जागी तेलाचे रेणू खांद्याला खांदा लावून, एकाच थरात उभे असतात. हा थर किती पातळ? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले एक-दोन भाग! रेणू खरोखर असतात की ती नुसती कल्पना, यावर मोठमोठे शास्त्रज्ञ तेव्हा वाद घालत होते. आणि ही मुलगी पत्र्याच्या पट्टीने त्यांना रांगेत उभं करत होती. अर्थात ते रेणूंचे एकपदरी थर आहेत हे तिच्या मोजमापांवरून आणि स्वतःच्या प्रयोगांवरून पुढे 1899 मध्ये लॉर्ड रॅले यांनी मांडलं.

आणखी एक गोष्ट तिने ओळखली, ती मला सगळ्यात आवडली. प्रयोगाआधी पाण्याचा पृष्ठभाग अगदी स्वच्छ हवा. नुसतं बोट लागलं, तार बुडाली, तरी मळ येतो. मग तिने काय करावं? पट्टी पन्हळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेऊन सगळा मळ एका कडेला लोटून द्यायचा. आपण फडक्याने ओटा पुसत कचरा कडेला आणतो ना, अगदी तसंच! हीच पद्धत पुढे प्रयोगशाळांतूनही रूढ झाली.

दहा वर्षं ती हे करत होती. वह्या भरत होत्या. पण छापणार कुठे? पदवी नाही, ओळख नाही, घराबाहेर पाऊल नाही. तेवढ्यात कळलं की इंग्लंडातले प्रसिद्ध शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले हेही पाण्यावरच्या तेलाच्या थराचा अभ्यास करताहेत. त्यांनी 1890 मध्ये कापराचे प्रयोग केले होते. स्वच्छ पाण्यावर कापराचा तुकडा टाकला तर तो गरगर फिरतो, पण पाण्यावर अगदी बारीक तेलाचा थर असेल तर थांबतो. तो थांबवायला किती कमी तेल पुरतं, हे त्यांनी मोजलं होतं. म्हणजे दोघं एकाच कोड्याच्या दोन टोकांना बसलेली होती.

10 जानेवारी 1891 रोजी आग्नेसने रॅलेसाहेबांना जर्मनीत एक लांबलचक पत्र लिहिलं. आपण काय साधन केलं, काय आढळलं, हे सगळं कळवलं, आणि आपल्याला ते छापणं जमण्यासारखं नाही, तुम्हाला उपयोग झाला तर बघा, असं नम्रपणे लिहिलं. विचार करा, एवढ्या मोठ्या माणसाने ते पत्र बाजूला टाकलं असतं तर कोणाला कळलं असतं? पण रॅलेसाहेबांच्या पत्नीने बसून त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. (त्या काळातल्या लेडी रॅलेंना जर्मन येत होतं आणि वेळ द्यावासा वाटला, हे आपलं भाग्य!) रॅलेंनी ते पत्र 'नेचर' या साप्ताहिकाकडे पाठवलं, छापण्याची शिफारस केली आणि 12 मार्च 1891 च्या अंकात ते आग्नेसच्या नावाने छापून आलं. स्वतःच्या नावाने. नाहीतर दुसऱ्याच्या वहीतलं आपल्या नावावर खपवणारे तेव्हाही कमी नव्हते. आग्नेस तेव्हा एकोणतीस वर्षांची होती.

त्यानंतर 'नेचर'मध्ये तिचं आणखी लिखाण आलं, जर्मन मासिकांतूनही आलं. जॉर्ज डार्विन यांचं भरती-ओहोटीवरचं पुस्तक तिने जर्मनमध्ये आणलं. पण घर काही सुटलं नाही. वडील 1906 मध्ये गेले, तोवर त्यांची सेवा. मग आईची. 1913 मध्ये भाऊ फ्रिडरिश अकाली गेला आणि 1914 मध्ये आई. त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. पुस्तकं-मासिकं मिळेनाशी झाली, तिची स्वतःची तब्येतही बिघडली. पुस्तकं पाठवणारा भाऊ आता नव्हता. काम हळूहळू मागे पडलं.

तिकडे अमेरिकेत आयर्विंग लँगम्युअर नावाच्या शास्त्रज्ञाने तिच्या पन्हळीत सुधारणा करून 1917 मध्ये मोठं काम केलं आणि 1932 मध्ये त्याला रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. आज ही पन्हळ बहुधा त्याच्याच नावाने ओळखली जाते. आग्नेसच्या वाट्याला त्याच वर्षी काय आलं? ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठाची मानद डॉक्टरेट. सत्तराव्या वाढदिवसाच्या सुमारास, कधी एक दिवसही विद्यापीठात न शिकलेल्या बाईला! 21 नोव्हेंबर 1935 रोजी ती त्याच गावी वारली. आज त्या विद्यापीठात शाळकरी मुलामुलींना प्रयोग करायला एक प्रयोगशाळा आहे, तिला आग्नेसचं नाव दिलेलं आहे.

भाचीने हे सांगितलं तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया तुमच्यासारखीच होती. वा, घर सांभाळून केवढं केलं! पण नंतर मला माझाच राग आला. सांभाळून केलं, हे कौतुक आपण बायकांचंच का करतो? फ्रिडरिशने आईवडिलांचं आजारपण सांभाळून संशोधन केलं का, असं कोणी विचारत नाही. आग्नेसने जे केलं ते घरामुळे केलं असं म्हणणं मला पटत नाही. मोरीने तिला कोडं दिलं, हे खरं. पण त्याच घराने तिला पन्नास वर्षं बांधूनही ठेवलं. मी वस्तीत कामासाठी जाते तिथे गेल्या जूनमध्ये एका घरी बसले होते. मुलगा आणि मुलगी दोघांचीही दहावी झालेली, मुलीला विज्ञानात जास्त मार्क. पण सायन्सच्या क्लासची फी एकाचीच भरता येईल, म्हणून मुलगा सायन्सला आणि मुलगी आर्ट्सला. वडील वाईट नव्हते हो, खरंच नव्हते. त्यांनी मला चहाही आग्रहाने पाजला. मी दोनदा आणखी गेले. तिसऱ्या वेळी घराला कुलूप होतं.

असो. आता भाचीच्या धाग्यांकडे येते, कारण गोष्ट तिथेच जाते.

साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्यात रमणारं आणि दुसरं पाण्यापासून पळणारं, तेलाकडे जाणारं. असे रेणू पाण्यात पडले की कोणी न सांगता, पाण्याला घाबरणारी टोकं आत आणि पाण्यात रमणारी बाहेर, अशी रचना करतात. आग्नेसच्या पन्हळीत तेलाचे रेणू रांगेत उभे राहिले तेही याच स्वभावाने. भाचीच्या प्रयोगशाळेत असेच दुतोंडी रेणू मुद्दाम घडवतात, पुष्कळदा प्रथिनाच्या लहानशा तुकड्यांपासून. पाण्यात ते एकावर एक बसत जातात आणि लांब धागा होतो. प्लास्टिकमध्ये कण पक्के जोडलेले असतात, इथे मात्र फुगडी खेळताना हात धरावेत तसे. वेळ आली तर सुटतात, पुन्हा धरतात. अशा धाग्यांवर 1997 मध्ये हॉलंडमधल्या शास्त्रज्ञांनी केलेलं काम फार गाजलं. त्यांचा गुंता झाला की पाणी धरून ठेवणारी जेली होते, खिरीतल्या साबुदाण्यासारखी गिळगिळीत. ती जखमेवर लावता येईल, अशी कल्पना.

आणि जंतू कसे मरतात? जंतूच्या अंगाभोवती चरबीचं पातळ दुपदरी आवरण असतं. गंमत म्हणजे तेही आपोआपच रचलेलं, त्याच दुतोंडी स्वभावाच्या रेणूंचं. त्याच्या बाहेरच्या बाजूवर ऋण विद्युतभार असतो. धाग्यावर धन भार ठेवला की धागा जंतूला चिकटतो, आवरणात घुसतो, ते फाडतो आणि आतला ऐवज बाहेर सांडतो. सुटा रेणू एकटा हे क्वचितच करू शकतो, पण एका धाग्यावर शेकडो मिळून जोर लावतात. नेहमीची बरीच औषधं जंतूच्या आतलं एखादं कुलूप बंद करतात, आणि जंतू ते कुलूपच बदलून टाकतो, म्हणून कागदावर आर येतो. सगळं आवरणच बदलणं जंतूला तितकं सोपं नसतं, ही आशा. पण आपल्या स्वतःच्या पेशींनाही आवरण असतं ना! ते न फाडता फक्त जंतूचंच फाडायचं, हे जमवणं सगळ्यात अवघड, असं भाची सांगते. म्हणून यातलं बहुतेक काम अजून प्रयोगशाळेतच आहे, दवाखान्यात नाही. घाई आहे हे मात्र तिने स्पष्ट सांगितलं. 2019 या एका वर्षात जगात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे थेट सुमारे बारा लाख सत्तर हजार माणसं गेली, असा अंदाज 2022 मध्ये प्रसिद्ध झाला.

सासूबाईंना त्या दोनांपैकी एक औषध लागू पडलं. चौदा दिवस सलाईन, दोन महिने रोजचं ड्रेसिंग. पायाची करंगळी काढावी लागली, पाय वाचला.

परवा म्हटलं, कापूर फिरतो का बघू तरी. ताटलीत पाणी घेतलं आणि देव्हाऱ्यातल्या भीमसेनी कापराचा तुकडा सोडला. ढिम्म! भाचीला फोन लावला. ती हसली आणि म्हणाली, ताटली घास, मावशी. मी, वीस वर्षं भांडी घासलेली बाई, ताटली परत घासली. तरी नाही. मग तिसऱ्यांदा साबणाने घासून, कढत पाण्याने चार वेळा विसळून, ताज्या पाण्यात कापूर चिमट्याने सोडला, बोट न लावता. आणि तो फिरायला लागला! भिंगरीसारखा, मध्येच थांबून पुन्हा दुसरीकडे. सासूबाई खुर्चीवरून वाकून बघत होत्या. नुकतंच डोक्याला खोबरेल लावलेलं. त्यांनी पाण्यात हळूच बोट बुडवलं आणि कापूर जागच्या जागी थांबला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, परत घास ती ताटली, परत करू.